बॅटन झोनबाहेर गेलं, म्हणून विश्वास कमी होता का?

ताई, प्रभूमध्ये सलाम.

मी शाळकरी मुलामुलींच्या ॲथलेटिक्स संघाचा प्रशिक्षक आहे. स्पर्धेआधी आम्ही गोल करून, हातात हात धरून प्रार्थना करतो. यंदा मुलींच्या ४×१०० रिलेची अंतिम फेरी होती. शेवटचा टप्पा धावणारी आमची मुलगी सोळा वर्षांची. मनगटावर पेनाने 'फिलिप्पै ४:१३' हा बायबलमधल्या वचनाचा क्रमांक लिहून ती उतरली होती, त्या दिवशीची प्रार्थनाही तिनेच केली. तिसऱ्या मुलीकडून बॅटन घेताना ती जरा लवकर सुटली, बॅटन देण्याघेण्यासाठी आखलेल्या पट्ट्याच्या, म्हणजे झोनच्या, बाहेर हातात आलं आणि आमचा संघ बाद झाला. जिंकलेला संघही शर्यतीआधी गुडघे टेकून प्रार्थना करत होता, हे तिने पाहिलं होतं. रडत रडत तिने मला विचारलं, "सर, त्यांचा विश्वास आमच्यापेक्षा जास्त होता का?" मी म्हणालो, देवाची काहीतरी योजना असेल. त्यानंतर ती सरावाला आलेली नाही.

आणखी एक. संघातल्या दोन मुली ख्रिस्ती नाहीत. त्या गोलात उभ्या राहतात, डोळे मिटतात, काही म्हणत नाहीत. मी कधी सक्ती केलेली नाही. पण परवा त्यांतल्या एकीच्या आईने विचारलं, "कॅप्टन दर वेळी प्रार्थना म्हणणारीच कशी होते?" मला उत्तर सुचलं नाही. शिवाय पुढच्या हंगामात काही स्पर्धा रविवारी, ऐन उपासनेच्या वेळी आहेत. ज्यांना हवं त्यांच्यासाठी मी सरावानंतर थोडा वेळ वचनाचा अभ्यास घेतो, पण आता त्यात काय शिकवावं तेच कळेनासं झालंय. आणि या मुलीला पुढच्या वर्षी शेवटच्या टप्प्यावर ठेवू का?

– एक प्रशिक्षक

प्रिय बंधू, सलाम.

तुम्ही बरंच काही विचारलंय, पण घाई एकाच गोष्टीची आहे. ती मुलगी घरी बसून आहे आणि तिच्या डोक्यात एक हिशेब पक्का होत चाललाय: आपण हरलो, कारण माझा विश्वास उणा पडला. बाकीचं हंगाम सुरू व्हायच्या आत कधीही बघता येईल. हा हिशेब मात्र जितका रुजेल तितका उपटायला जड जाईल.

"देवाची काहीतरी योजना असेल" हे तुम्ही धीर द्यायला बोललात. पण तिच्या कानांनी ऐकून बघा. योजना होती म्हणजे आम्ही हरावं असं देवालाच वाटत होतं. म्हणजे बॅटन त्यानेच झोनबाहेर जाऊ दिलं. मग माझ्यावरच का? मी काय केलं होतं? सोळा वर्षांची मुलगी या पायऱ्या दोन मिनिटांत उतरते आणि तळाशी तिला शिक्षा करणारा देव भेटतो. मित्र लाजर याच्या कबरेकडे निघालेल्या येशूला पुढे काय घडणार हे ठाऊक होतं. तरी लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहिल्यावर तो तिला योजना समजावत बसला नाही, तो स्वतः रडला. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने एवढंच करायचं असतं. शेजारी बसायचं, पाण्याची बाटली द्यायची, बाकीच्या मुलींना तिच्यापाशी आणायचं.

तो दिवस गेला. आता तिला भेटायला जाल तेव्हा तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या: नाही, त्यांचा विश्वास जास्त होता म्हणून त्या जिंकल्या नाहीत, आणि तुझा कमी होता म्हणून आपण हरलो नाही. बॅटन का गेलं ते आपल्याला माहीत आहे. तू लवकर सुटलीस.

हे कठोर वाटेल, पण यातच तिची सुटका आहे. ४×१०० मध्ये बॅटन घेणारी मागे वळून बघत नाही. ट्रॅकवर टेपने खूण केलेली असते, येणारी त्या खुणेशी पोहोचली की घेणारीने सुटायचं आणि हाक आली की हात मागे करायचा. झोन ३० मीटरचा. त्यात धावणारीचे पाय कुठे आहेत हे कुणी बघत नाही, बॅटन कुठे आहे हे बघतात. येणारी मुलगी आपल्या टप्प्याच्या शेवटाला आलेली असते, तिचा वेग उतरू लागलेला असतो. घेणारी ताजीतवानी असते. अंतिम फेरीच्या ताणात ती खुणेची वाट न बघता क्षणभर आधी सुटली की मधलं अंतर भरून निघत नाही. जगातल्या सर्वांत वेगवान पायांनाही हे चुकलेलं नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांच्या हातून प्राथमिक फेरीतच बॅटन पडलं. २०२४ मध्ये पॅरिसला अमेरिकेचा पुरुष संघ अंतिम फेरीत बॅटनची अदलाबदल चुकल्यामुळे बाद झाला. त्यांचा विश्वास मोजायला कुणी गेलं नाही, सगळ्यांनी चित्रफीत मागेपुढे करून पाहिली.

'विश्वास कमी पडला' या कारणाची मोठी अडचण ही की त्याचा सराव करता येत नाही. 'लवकर सुटले' याचा करता येतो. सोमवारी ट्रॅकवर जा, खूण दोन पावलं पुढेमागे करा, वीस वेळा अदलाबदल करा, दुरुस्त होतं. मुलीच्या हाती दुरुस्त होण्याजोगी चूक देणं हे तुमचं कामही आहे आणि तुमची सेवाही. स्पर्धेची चित्रफीत असेल तर तिला आणि तिसऱ्या मुलीला एकत्र बसवून दाखवा. अदलाबदल दोघींची असते. कदाचित येणारीचाही वेग कमी पडला असेल, आणि हे समजल्यावर या मुलीच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथेच उतरेल.

आता मनगटावरच्या वचनाकडे येऊ. खेळाडूंमध्ये या वचनाइतकं लाडकं दुसरं नसेल. बास्केटबॉलपटू स्टीफन करी ते आपल्या बुटांवर मिरवतो. याच करीचा संघ २०१६ च्या अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी असताना हरला, हे मुलींना जरूर सांगा. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करू शकतो' एवढा तुकडा उचलला की तो विजयाच्या हमीसारखा वाचला जातो. पण प्रेषित पौलाने तो कुठे बसून लिहिला? बंदिवासात. आणि आधीच्या ओळींत तो काय म्हणतो? पोट भरलेलं असताना कसं राहायचं आणि उपाशी असताना कसं राहायचं, हातात भरपूर असताना आणि काहीच नसताना कसं राहायचं, हे मी शिकलोय. त्या 'सर्वकाही'मध्ये पराभव आधीपासूनच धरलेला आहे. म्हणजे तिच्या मनगटावरचं वचन बॅटन झोनबाहेर गेल्यावर खोटं ठरलं नाही, उलट त्याचं खरं काम त्या क्षणी सुरू झालं. तिला हे कुणी शिकवलंच नव्हतं. दोष देत नाही, बहुतेक ठिकाणी शिकवत नाहीत. चौथ्या अध्यायाच्या दहाव्या वचनापासून तिच्याबरोबर वाचा आणि तिलाच विचारा, हा माणूस जिंकलाय की हरलाय?

समोरच्या संघानेही गुडघे टेकले होते, ही गोष्ट तिला बोचते आहे. बोचायलाच हवी, कारण प्रश्न खरा आहे. दोन्ही बाजू त्याच देवाला विजय मागतात तेव्हा तो काय करतो? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की स्वर्गातला पिता वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच सूर्य उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. लेन क्रमांक तीन आणि लेन क्रमांक पाच यांच्यासाठी त्याने निराळं हवामान ठेवलेलं नाही. मला तर वाटतं, आपल्या मुलींनी शर्यतीआधी शेजारच्या लेनमधल्या मुलींसाठी नाव घेऊन प्रार्थना करायची सवय लावावी: कुणाला दुखापत न होवो, प्रत्येकीला आपलं सर्वोत्तम धावता येवो. असं म्हटल्यावर जिंकलेल्या संघाकडे बघण्याची नजर आपोआप बदलते.

पण मग विजय मागायचाच नाही, असा नियम करू नका. अशी पवित्र भाषा शिकवणारे शिक्षक मुलांना खोटं बोलायला शिकवतात. मुलीला जिंकायचंय, देवालाही ते दिसतंय, तर तिने मागावं. गेथशेमाने बागेत येशूने आपल्याला काय नको आहे हे स्वच्छ सांगितलं: हा प्याला माझ्यापासून दूर कर. त्याच श्वासात 'तरी माझी नको, तुझी इच्छा' असंही म्हटलं. आपण मुलांना अर्धीच प्रार्थना शिकवतो, कधी पहिली अर्धी, कधी दुसरी. दोन्ही एकत्र असली की मागणं प्रामाणिक राहतं आणि निकाल आल्यावर देवाशी भांडण झालं तरी नातं तुटत नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर येतो आणि आकाशातून वाणी होते: तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. हे कधी घडतं ते बघा. अजून एकही आजारी बरा झालेला नाही, एकही शिष्य निवडलेला नाही, डोंगरावरचं प्रवचन झालेलं नाही. मार्क वाचला तर त्याने त्यापूर्वी काही केल्याचं आपल्याला दिसतच नाही. शाबासकी कामगिरीच्या आधी आली. खेळाच्या जगात हे नेमकं उलटं चालतं: आधी वेळ नोंदवायची, मग कौतुक. माझ्या मते ख्रिस्ती प्रशिक्षकाकडे देण्यासारखं वेगळं काही असेल तर ते हेच, आणि ते प्रार्थनेच्या गोलापेक्षा पराभवानंतरच्या दहा मिनिटांत जास्त दिसतं. तुम्ही कुणाच्या पाठीवर आधी हात ठेवता? जिंकलेल्या लांब उडीवाल्याकडे आधी जाता की बाद झालेल्या चौघींकडे? मुलं याचीच नोंद ठेवतात. तुम्ही शिकवलेली वचनं विसरतील, हे नाही विसरणार.

म्हणून तिच्या घरी जाल तेव्हा परत कधी येतेस हे लगेच विचारू नका. तिच्या आईवडिलांना आधी कळवून जा. ती नुसती गप्प बसली तरी चालेल. संघात तुझी जागा आहे, धावलीस तरी आणि नाही धावलीस तरी, एवढं सांगून या. आणि ते खरं असेल तरच सांगा. ती महिनाभर जेवत-झोपत नसेल, कशातच रमत नसेल, तर आईवडिलांशी बोलून समुपदेशकाकडे न्या. पाळकांची प्रार्थना आणि समुपदेशकाची मदत यांत एकच निवडायची असं कुठे लिहिलेलं नाही.

आता गोलाबद्दल. इथे मी तुमच्या बाजूने नाही, हे आधीच सांगते.

तुम्ही म्हणता, सक्ती केली नाही. मान्य. पण बंधू, धावणाऱ्यांची यादी तुमच्या हातात आहे. ज्याच्या हातात यादी असते त्याला सक्ती करावी लागत नाही, तो नुसता हात पुढे करतो आणि सगळे हात धरतात. अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जोसेफ केनेडी नावाचे शालेय फुटबॉल प्रशिक्षक सामन्यानंतर मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून प्रार्थना करत. शाळा प्रशासनाने हरकत घेतली, प्रकरण वाढलं, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ६-३ अशा मतांनी केनेडी यांच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीने प्रशिक्षक जिंकला. पण त्याच प्रकरणात एका पालकाने कळवलेली गोष्ट नोंदवलेली आहे: त्यांचा मुलगा देव मानत नव्हता, तरी प्रार्थनेत सामील होत होता, कारण नाही झालो तर खेळायला कमी मिळेल असं त्याला वाटत होतं. मला त्या निकालापेक्षा हा मुलगा जास्त महत्त्वाचा वाटतो. कायदा प्रत्येक देशात वेगळा असेल, तुमचा तुम्ही बघा. त्या मुलासारख्या दोन मुली तुमच्या गोलात डोळे मिटून उभ्या आहेत.

आणि त्या आईचा प्रश्न चोख आहे. कॅप्टन दर वेळी प्रार्थना म्हणणारीच होत असेल, तर तुमच्या संघात प्रार्थना हा निवडीचा निकष झालेला आहे, तुमच्या मनात असो वा नसो. मुलींच्या ते केव्हाच लक्षात आलं असणार. याचं सर्वांत मोठं नुकसान त्या दोघींचं नाही, ख्रिस्ती मुलींचं आहे. प्रार्थनेने पद मिळतं हे त्या शिकताहेत. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू ज्यांना ढोंगी म्हणतो ते लोक खोट्या देवाची प्रार्थना करत नव्हते. प्रार्थना खरीच होती, फक्त ती चव्हाट्यावर, लोकांनी बघावं म्हणून होती. त्यावर त्याने सुचवलेला उपाय साधा आहे: खोलीत जा, दार लाव. जब्दीचे दोन मुलगे, याकोब आणि योहान, उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागायला आले, तेव्हाही तो म्हणाला की तुमच्यात ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. कॅप्टन निवडायला याहून चांगला निकष मला तरी माहीत नाही, आणि तो कोणत्याही धर्माच्या मुलीला लागू पडतो. सरावानंतर अडथळे आणि मॅट उचलायला कोण थांबतं? नवख्या मुलीला ब्लॉक लावायला कोण शिकवतं? तिला कॅप्टन करा. किंवा मुलींनाच गुप्त मतदान करू द्या.

गोल मोडा असं मी म्हणत नाही, जागा बदला. संघाची शेवटची बैठक, जिथे टप्पे आणि डावपेच सांगता, तिथे प्रार्थना नको, कारण तिथून कुणाला उठून जाता येत नाही. वॉर्मअपच्या आधी, थोडं बाजूला, ज्यांना यायचंय त्या येतील. चालवायची मुलींनीच, तुम्ही नाही. कोण आलं, कोण नाही, हे बघायला तुम्ही तिथे नसलात तर फारच उत्तम. बैठकीच्या शेवटी सगळ्यांसाठी अर्धा मिनिट शांतता ठेवा. तिच्यात कुणी प्रार्थना करेल, कुणी नुसता श्वास मोजेल, कुणी आपली सुरुवात डोळ्यांपुढे आणेल. आणि त्या आईला भेटून सांगा की तुमचा प्रश्न बरोबर होता, आम्ही हे असं बदललंय. ख्रिस्ती माणसाने असं म्हटल्याने साक्ष कमी होत नाही.

रविवारचं थोडक्यात सांगते, कारण यावर प्रत्येक मंडळीचं मत ठरलेलं असतं आणि मला पाळकांशी भांडायचं नाही. एरिक लिडेलचं नाव तुम्ही घेतच असाल: १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो त्यात धावला नाही, आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत धावून सुवर्णपदक घेऊन गेला. मुलांना ही गोष्ट सांगताना आपण 'देवाचा मान राखला, देवाने पदक दिलं' असा शेवट करतो. इथेच परत तो जुना हिशेब शिरतो. न्यूझीलंडचा रग्बीपटू मायकल जोन्सही रविवारी खेळत नसे. १९९१ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना रविवारी होता, तो बाहेर बसला आणि त्याचा संघ हरला. मग त्याचा विश्वास लिडेलपेक्षा कमी होता का? दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून शिकवा.

लिडेलच्या बाबतीत मला पदकापेक्षा दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. वेळापत्रक कळल्यावर त्याने निर्णय कित्येक महिने आधी घेतला आणि ४०० मीटरची तयारी केली. ऐन वेळी कुणाला अडचणीत टाकलं नाही, आणि सहकाऱ्यांनीही तसंच करावं असा आग्रह धरला नाही. दुसरी गोष्ट फार सांगितली जात नाही. पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला आणि युद्धकाळात जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत अडकला. तिथल्या मुलांचे खेळ तो घेई, पण रविवारी नाही. मग मुलं रविवारी आपली आपणच हॉकी खेळली, मारामारी झाली. त्यानंतर लिडेल रविवारीही पंच म्हणून उभा राहू लागला. १९४५ मध्ये त्याच छावणीत तो वारला. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे मार्काच्या दुसऱ्या अध्यायातलं वचन त्याने असं वाचलं.

तेव्हा हंगामाचं वेळापत्रक आत्ताच पालकांच्या हाती द्या. ज्यांना रविवारी धावायचं नाही त्यांनी आत्ता सांगावं, त्यांच्या जागी राखीव मुली तयार करा, आणि न धावणारीला संघातलं स्थान गमवावं लागणार नाही हे जाहीर करा. जी धावेल तिच्याकडे मंडळीत कुणी वाकड्या नजरेने बघणार नाही, हे बघणं पाळकांचं काम. सकाळी लवकरची किंवा संध्याकाळची उपासना ठेवता येते का, तेही त्यांना विचारा. तुम्ही स्वतः काय करणार हेही ठरवा, पण तुमचा निर्णय मुलींच्या गळ्यात घालू नका. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल हेच म्हणतो: दिवसाबद्दल ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी.

राहिला वचनाचा अभ्यास. तो बंद करू नका. मी तुमच्या जागी असते तर पौलापासून सुरुवात केली असती, पण त्याची भूमी दाखवून. करिंथ शहरात तो दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरलं. शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ होत. विजेत्याला सोनं मिळत नसे, पाइनच्या डहाळीचा किंवा सुकलेल्या सेलरीच्या पानांचा मुकुट मिळे. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात तो 'नाशवंत मुकुट' म्हणतो, तेव्हा वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोमेजत चाललेली खरीखुरी पानं आली असणार. मुलींना त्यांची जुनी पदकं आणायला सांगा, रंग उडालेली. त्यावरून चर्चा छान रंगते.

त्याच अध्यायात शरीर कुदलण्याबद्दलचं, म्हणजे त्याला कठोर शिस्त लावण्याबद्दलचं, वाक्य आहे. ते जपून वापरा. दुखत असताना पळायला लावणाऱ्या प्रशिक्षकांनी त्याचा पुष्कळ दुरुपयोग केलाय. पौल स्वतःच्या शिस्तीबद्दल बोलतोय, दुसऱ्याच्या गुडघ्याबद्दल नाही. त्याच पत्रात शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलंय, तेही सोबत वाचा, आणि मग मुलींना सांगा की पोटरी दुखतेय हे लपवणं म्हणजे शौर्य नाही, मला लगेच कळलं पाहिजे.

त्याला जोडूनच एलीया संदेष्टा शिकवा. पहिल्या राजे पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी तो अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावतो. विजय मिळालेला, अंगात देवाचं सामर्थ्य. आणि लगेच पुढच्या अध्यायात हाच माणूस रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत येऊन त्याला काय म्हणतो? ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, परत झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला लावतो. उपदेश नाही, रागावणं नाही, 'तुझा विश्वास कुठे गेला' असा सवाल नाही. देवाशी बोलणं होतं ते नंतर, झोप आणि अन्न पोटात गेल्यावर. मोठ्या स्पर्धेनंतर मुलं अशी कोसळतात, जिंकलेलीसुद्धा. त्या आठवड्यात सराव हलका ठेवायचा, याला यापेक्षा चांगला शास्त्राधार कुठून आणणार?

दुखापत झालेल्या मुलांसाठी दुसऱ्या करिंथकरांस पत्रातला शरीरातला काटा आहे. पौलाने तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, कृपा मिळाली. हा धडा दुखापत झालेल्याच्या तोंडावर पहिल्या दिवशी मारू नका. महिना-दोन महिने जाऊ द्या, त्याने विचारलं तर वाचा. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातली एक ओळ, मल्ल नियमाप्रमाणे लढला नाही तर त्याला मुकुट मिळत नाही, ही तुमच्या मुलींना आता निराळी ऐकू येईल. पंचाने बाद ठरवलं ते बरोबर होतं, आणि आपल्या संघाने वाद न घालता मैदान सोडलं असेल तर तेवढ्यापुरता तो धडा आधीच गिरवून झालाय. तुमच्या पत्रात पंचाविरुद्ध एक शब्द नाही, ते माझ्या लक्षात आलं.

प्रसिद्ध खेळाडूंच्या साक्षी सांगताना हात आखडता ठेवा. ब्रिटनचा जोनाथन एडवर्ड्स रविवारी स्पर्धा आहे म्हणून १९९१ च्या जागतिक स्पर्धेत उतरला नाही. पुढे त्याने मत बदललं, १९९५ मध्ये १८.२९ मीटरची तिहेरी उडी मारून विश्वविक्रम केला, २००० मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि निवृत्तीनंतर आपण आता विश्वासात नाही असं जाहीरपणे सांगितलं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ज्या मुलांचा विश्वास त्याच्या उडीवर टेकलेला होता त्यांचं काय झालं असेल? पदकवीरांपेक्षा मंडळीतली एखादी वयस्क बाई आणा, जिने आयुष्यभर आजारी माणसाची सेवा केलीय. मुलं सुरुवातीला चुळबुळ करतील, मग ऐकतील.

तुमच्यासाठी मात्र एका प्रसिद्ध माणसाचं नाव देते. जेम्स नाइस्मिथ, धर्मशास्त्र शिकलेला माणूस, १८९१ च्या डिसेंबरात वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत त्याने बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला. पुढे कॅन्सस विद्यापीठात तो याच खेळाचा प्रशिक्षक झाला. ५५ सामने जिंकला, ६० हरला. खेळ ज्याने निर्माण केला त्याचा हिशेबही तोट्याचा निघाला आणि तरी त्याच्याविषयी आदराने बोललं जातं. हंगाम वाईट जाईल तेव्हा आठवा.

शेवटचं. पुढच्या वर्षी तिला कितव्या टप्प्यावर ठेवायचं ते मी इथून सांगू शकत नाही. वेळा बघा, तिसऱ्या मुलीशी तिचा ताळमेळ बघा, आणि तिला विचारा. शेवटचा टप्पा नको म्हणाली तर का ते खोदून विचारत बसू नका, दुसरा टप्पा द्या. हवा म्हणाली तर पहिल्या छोट्या स्पर्धेत द्या, मोठ्या नाही, आणि त्याआधी अदलाबदलीचा सराव दोन्ही बाजूंनी होऊ द्या, म्हणजे देणारी आणि घेणारी अशा दोन्ही जागा तिला कळतील. ती परत आलीच नाही, तर उन्हाळ्यात एकदा आणि वाढदिवसाला एकदा फोन करा. संघाविषयी बोलू नका.